पीतज्वराची पत्रे: हेंच संग्रहातला पुरावा कसा तोलावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीतज्वर (यलो फिव्हर) डासातून पसरतो का हे पाहायला १९०० साली क्यूबात झालेल्या प्रयोगांवर मराठीत लेख लिहायचा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या फिलिप हेंच संग्रहातली पत्रे इंटरनेटवर वाचायला मिळतात, पण एकाच घटनेबद्दल दोन पत्रे दोन गोष्टी सांगतात. प्रयोग करणाऱ्यांपैकी डॉ. जेसी लॅझीर पीतज्वरानेच गेले; त्यांना डास चुकून चावला, की त्यांनी तो मुद्दाम चावू दिला? भिस्त कोणत्या पत्रावर ठेवायची?

आधी हा संग्रह कसा घडला ते पाहायला हवे, कारण अडचणीचे मूळ तिथेच आहे. फिलिप हेंच हे मेयो क्लिनिकमधले संधिवाताचे डॉक्टर. कॉर्टिसोनवरच्या कामासाठी त्यांना १९५० चे नोबेल विभागून मिळाले. पीतज्वर हा त्यांचा व्यवसाय नव्हता, ध्यास होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हयात साक्षीदारांना, त्यांच्या विधवांना, मुलांना आणि क्यूबातल्या डॉक्टरांना पत्रे लिहीत राहिले. लोकांनी उत्तरांबरोबर घरातली जुनी पत्रेही दिली. हेंच यांच्या पश्चात पत्नीने हे सगळे दप्तर व्हर्जिनिया विद्यापीठाला दिले. क्यूबातल्या प्रयोगांचे प्रमुख, लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांनी वैद्यकीची पदवी १८६९ मध्ये तिथूनच घेतली होती.

म्हणजे एकाच छताखाली दोन अगदी वेगळ्या प्रकारचे कागद आहेत. पहिला ढीग १९०० आणि १९०१ मध्ये, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेल्या पत्रांचा. दुसरा त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनी, रीड यांचे नाव इस्पितळांना दिले गेल्यावर, आठवून लिहिलेल्या पत्रांचा. पडद्यावर दोन्हींची स्कॅन सारखीच दिसतात आणि शोधात दोन्ही एकत्रच वर येतात. तेव्हा मजकूर वाचण्याआधी दोन तारखा टिपा: पत्र लिहिल्याची, आणि पत्रात सांगितलेल्या घटनेची. दोन्हींतले अंतर तिसऱ्या रकान्यात लिहा. हे अंतर दिवसांत मोजता येत असेल तर पत्र पहिल्या ढिगात, वर्षांत असेल तर दुसऱ्यात.

आता लॅझीर यांचे प्रकरण याच पद्धतीने सोडवून पाहू. पीतज्वराचा शोध घ्यायला अमेरिकी लष्कराचे चार डॉक्टरांचे आयोग होते: रीड, जेम्स कॅरोल, लॅझीर आणि अरिस्तीदेस आग्रामोंते. लष्कराचे मुख्य डॉक्टर, सर्जन जनरल स्टर्नबर्ग यांनी ते मे १९०० मध्ये नेमले, आणि २५ जूनला काम हवानाजवळच्या कोलंबिया बराकीत सुरू झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला रीड विषमज्वराचा अहवाल पुरा करायला वॉशिंग्टनला परतले, ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्यूबात आले. ही गैरहजेरी संशोधकाच्या पथ्यावर पडली आहे. रीड तिथेच असते तर सगळे बोलणे तोंडी झाले असते. ते दूर होते म्हणून सप्टेंबर १९०० चा वाद कागदावर उतरला.

२७ ऑगस्टला कॅरोल यांनी डास चावून घेतला आणि काही दिवसांतच ते गंभीर आजारी पडले. रीड यांनी ७ सप्टेंबरला त्यांना पत्र लिहिले. पत्रात कॅरोल वाचल्याचा, सुटकेचा आनंद आहे, आणि मजकुराबाहेर एक प्रश्न वेगळा लिहिला आहे: डासानेच केले का हे? अशी ओळ छापील उताऱ्यात सहज गळते. म्हणून प्रत्येक पत्राची मागची बाजू, पाकीट, समास आणि घडीवरचे शेरे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्कॅनमध्ये पाने किती आहेत आणि टंकलिखित उताऱ्यात किती, तेही जुळवा.

८ सप्टेंबरला लॅझीर पत्नीला लिहितात की आपण खऱ्या जंतूच्या मागावर आहोत असे वाटते, पण याबद्दल अजून कोणाकडे अवाक्षर काढायचे नाही. या पत्राचा वापर जपून करा. ते त्यांचा उत्साह आणि गुप्तता सिद्ध करते. स्वतःवर प्रयोग करायचा बेत सिद्ध करत नाही. शिवाय ज्या बायकोचे नुकतेच बाळंतपण झाले आहे, तिला नवरा धोक्याच्या गोष्टी लिहील अशी अपेक्षाच चुकीची. कौटुंबिक पत्रातल्या मौनाला फारसे वजन देऊ नये.

१८ सप्टेंबरला लॅझीर आजारी पडले आणि २५ ला गेले. २४ सप्टेंबरला, ते मरणाच्या दारात असताना, रीड यांनी वॉशिंग्टनहून कॅरोल यांना लिहिलेले पत्र मला या साऱ्या संग्रहातला सर्वांत मोलाचा कागद वाटतो. त्यात रीड मित्राला स्पष्ट सांगतात की तुम्ही चाव्याच्या आधी दहा दिवस छावणीतच राहिला असतात तर तुमचे उदाहरण निर्विवाद ठरले असते. पण तुम्ही नेमके तिथे गेलात जिथे रोग दुसऱ्या वाटेने लागू शकतो. आणि लॅझीर यांना डास लास अनिमास या पीतज्वराच्या रुग्णांच्या इस्पितळात चावला, म्हणून शास्त्रीय प्रयोग या अर्थाने तेही उदाहरण बाद. दोन महिन्यांनी लॅझीर छावणीत (त्यांच्या नावाने उभारलेल्या प्रयोगाच्या तळावर) जे कडक विलगीकरण झाले त्याचे बीज या पत्रात आहे. एखादा प्रयोग असाच का रचला याचे कारण प्रसिद्ध शोधनिबंधात सापडत नाही, ते अशा पत्रात सापडते.

चुकून की मुद्दाम, हे पाहायला आयोगाचा पहिला निबंध उघडा. तो २३ ऑक्टोबर १९०० ला इंडियानापोलिसमध्ये वाचला गेला आणि चार दिवसांनी छापून आला. त्यात म्हटले आहे की १३ सप्टेंबरला लास अनिमासमध्ये रुग्णांचे रक्त घेत असताना एक डास लॅझीर यांच्या हातावर बसला. आधी एका दूषित डासाच्या चाव्याने काही झाले नव्हते, म्हणून त्यांनी याला जाणूनबुजून पोटभर रक्त पिऊ दिले. म्हणजे मूळ छापील विधानातच डासाचे येणे योगायोगाचे आणि त्याला बसू देणे हेतुपुरस्सर आहे. पुढच्या लेखकांनी यातला एकेक अर्धा उचलला आणि दोन पक्ष तयार झाले.

याहून पुढची शंका, की लॅझीर यांनी प्रयोगशाळेतलाच डास स्वतःला लावून घेतला, ही त्यांच्या खिशातल्या वहीवरून आली. ती वही रीड यांच्या हाती गेली होती, आणि रीड १९०२ मध्ये वारल्यानंतर सापडली नाही. विम्याचे पैसे अडकू नयेत म्हणून सहकाऱ्यांनी अपघात म्हटले असावे, हा नंतरचा तर्क आहे. तर्क म्हणून तो लिहायला हरकत नाही. ‘पत्रांवरून दिसते’ असे मात्र लिहू नका. लेखातले वाक्य साधारण असे ठेवा: ‘आयोगाच्या निबंधानुसार १३ सप्टेंबरला हातावर बसलेला डास लॅझीर यांनी उडवला नाही; त्यांनी मुद्दाम प्रयोग केला असावा ही शंका नंतर मांडली गेली, पण ज्या वहीवर ती उभी आहे ती उपलब्ध नाही.’

पत्रांतले दावे तपासायला दिवसांचे गणित फार उपयोगी पडते. पीतज्वरात दोन घड्याळे चालतात. रुग्णाचे रक्त आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतच डासाला दूषित करते. त्यानंतर डासाच्या अंगात विषाणू पिकायला उन्हाळ्यात सुमारे १२ दिवस लागतात. थंडीत १८ किंवा त्याहून जास्त, असे आयोगाला दिसले. मग चाव्यापासून ताप येईपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस. अमेरिकी डॉक्टर हेन्री रोझ कार्टर यांनी १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या ऑरवूड आणि टेलर या गावांत पहिला रुग्ण आणि त्याच्यापासून झालेले रुग्ण यांच्यातले सुमारे दोन आठवड्यांचे अंतर टिपले होते. आयोगाने त्याचा अर्थ डासाशी जोडला. हवानातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी डासाची कल्पना १८८१ मध्येच मांडली होती आणि आयोगाला डासाची अंडीही त्यांनीच दिली. पण त्यांच्या प्रयोगांत रुग्णाला चावलेला डास काही दिवसांतच निरोगी माणसाला लावला जाई, म्हणून निकाल ठाम येत नसत.

हे अंतर हाताशी असले की पत्रातली चुकीची तारीख लगेच उघडी पडते. कॅरोल यांना चावलेला डास १२ दिवसांपूर्वी रुग्णाला चावला होता: जुळते. शिपाई विल्यम डीन यांना ३१ ऑगस्टला चावे दिले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ताप आला: जुळते, शिवाय ते जवळपास दोन महिने छावणीबाहेर गेले नव्हते, म्हणून कॅरोल यांच्यापेक्षा त्यांचे उदाहरण भक्कम. (निबंधात डीन यांचे नाव नाही, ते ‘एक्सवाय’ आहेत. पत्रांत कुठे नाव, कुठे ही अक्षरे; दोघांना दोन माणसे समजण्याची चूक होऊ शकते.) स्वयंसेवक सैनिक जॉन किसिंजर यांना ५ डिसेंबरला चावे दिले, ८ ला लक्षणे दिसली आणि ९ ला रीड पत्नीला आनंदाचे पत्र लिहितात. तीनही तारखा एका धाग्यात बसतात. एखाद्या उतारवयातल्या पत्रात चावा आणि ताप एकाच दिवशी आले, तर ती आठवण घसरलेली आहे हे कळायला दुसरा पुरावा लागत नाही.

लॅझीर छावणीबद्दल पहिल्या ढिगातच पुरेसे मिळते. २० नोव्हेंबर १९०० ला ती उघडली. १४ बाय २० फुटांची पहिली खोली मुद्दाम कोंदट ठेवली होती; तिच्यात डॉ. कुक आणि दोन सैनिक रुग्णांच्या मळलेल्या कपड्यांत आणि अंथरुणात ओळीने २० रात्री झोपले, आणि कोणालाही काही झाले नाही. दुसरी खोली मधोमध तारेच्या जाळीने विभागलेली होती. २१ डिसेंबरला स्वयंसेवक जॉन मोरॅन डासांच्या बाजूला गेले आणि नाताळच्या दिवशी त्यांना ताप आला. जाळीपलीकडचे दोघे ठणठणीत राहिले. संसर्ग कपड्यांतून होतो ही समजूत या दोन खोल्यांनी मोडली.

प्रयोगासाठी पैसे देऊन घेतलेल्या स्पॅनिश मजुरांच्या करारनाम्याकडे विशेष लक्ष द्या. अँटोनियो बेनिग्नो यांचा २६ नोव्हेंबर १९०० चा करार संग्रहात आहे. माणूस २५ वर्षांवरचा, स्वखुशीने तयार. दोन महिन्यांनी १०० डॉलर अमेरिकन सोन्यात, ताप आला तर आणखी १००, मरण आले तर रक्कम त्याने नेमलेल्या माणसाला. मानवी प्रयोगाच्या लेखी संमतीचा हा फार जुना नमुना, म्हणून तो कौतुकाने छापला जातो. त्यातले एक कलम मात्र पुन्हा वाचा: या बेटावर राहून हा रोग टाळणे अशक्यच आहे, तेव्हा तो चांगल्या देखरेखीखाली घेतलेला बरा, अशा अर्थाचे. हे सही करणाऱ्याच्या तोंडी घातलेले वाक्य आहे, आणि धोका लहान करून दाखवणारे आहे. शिवाय छावणीची हद्द ओलांडली तर पैशावरचा हक्क जातो. रोजंदारीवरच्या स्थलांतरिताला १०० सोन्याचे डॉलर किती मोठे वाटत असतील हे लेखात यायला हवे. आणि या मजुरांची स्वतःची पत्रे या कथेत कुठे आहेत, असे वाचकाला विचारू द्या. अमेरिकन सैनिकांच्या आठवणींनी खोकी भरतात. मजुरांच्या बाजूने बोलायला हा करारच उरतो.

आता दुसरा ढीग. तो टाकाऊ नाही, पण प्रत्येक पत्रामागचा हेतू आधी शोधावा लागतो. १९२९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने प्रयोगात भाग घेतलेल्यांना सुवर्णपदक आणि दरमहा १२५ डॉलरचा तनखा मंजूर केला. त्यामुळे पहिला कोण आणि यादीत कोण हे प्रश्न मानाचे तसेच पोटाचेही झाले. १९३४ मध्ये याच प्रयोगांवर ब्रॉडवेवर नाटक आले आणि १९३८ मध्ये चित्रपट. त्यानंतर लिहिलेल्या आठवणीत एखादा संवाद फार नेटका वाटला तर तो रंगमंचावरून आला नाही ना, हे पाहा. ‘सद्गृहस्थहो, मी तुम्हाला सलाम करतो’ हे रीड यांच्या तोंडचे प्रसिद्ध वाक्यही नंतर सांगितलेल्या गोष्टींतले आहे. ते अवतरणचिन्हांत घालून १९०० च्या प्रसंगात ठेवू नका.

हेंच यांच्या पद्धतीत एक खाच आहे, ती सहजी दिसत नाही. ते कसोशीने विचारत: नकाशे पाठवत, फोटो पाठवून ओळखायला सांगत, एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळवून त्याचे मत मागवत. छावणीची विसरली गेलेली जागा आणि तिथली शिल्लक राहिलेली पहिली खोली याच चिकाटीमुळे ओळखली गेली, आणि १९५२ मध्ये क्यूबात तिथे स्मारक झाले. पण एकाचे उत्तर वाचून दुसऱ्याने ‘हो, असेच होते’ लिहिले तर ते दोन साक्षीदार होत नाहीत, एकच होतो. म्हणून उत्तर वाचण्याआधी हेंच यांच्या प्रश्नाची कार्बन प्रत काढा. प्रश्नात जे सुचवले होते ते उत्तरातून वजा करा. जे उरेल ते साक्षीदाराचे स्वतःचे.

नोंद करताना हे पत्र मूळ आहे, कार्बन प्रत आहे, फोटोस्टॅट (जुन्या पद्धतीची छायाप्रत) आहे की नंतर टंकून घेतलेली नक्कल, हे पहिल्या ओळीत लिहा. पातळ, कुरकुरीत कागद आणि किंचित पसरलेली अक्षरे म्हणजे बहुधा कार्बन प्रत. तिच्यावर सही नसते आणि मूळ प्रतीवर हाताने केलेली दुरुस्तीही नसते. काळ्यावर पांढरी अक्षरे म्हणजे फोटोस्टॅट. नक्कल असेल तर मूळ कुठे आहे ते शोधा, कारण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चरित्रांत खासगी ओळी गाळून पत्रे छापण्याची रीत सर्रास होती. फाइलचे नाव तारखेने सुरू करा, वर्ष-महिना-दिवस, मग लिहिणारा, मग ज्याला लिहिले तो. खोक्याचा आणि फोल्डरचा क्रमांक त्याच नावात घाला. सगळ्या फाइली आपोआप कालक्रमाने लागतात आणि कोणत्या पत्राचे उत्तर गहाळ आहे ते डोळ्यांना दिसते. पोच किती दिवसांनी आली हेही पाहा. वॉशिंग्टनहून लिहिणाऱ्या रीड यांना हवानाची बातमी तारेने कळली की टपालाने, यावर त्या दिवशी त्यांना काय ठाऊक होते हे ठरते.

३१ डिसेंबर १९०० चे, रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी लिहिलेले रीड यांचे पत्नीला पत्र या सगळ्या शिस्तीनंतर वाचा. ते १८५५ मध्ये छापलेला ला रोश यांचा पीतज्वरावरचा ग्रंथ वाचत बसले आहेत, जुन्या शतकाची दहा मिनिटे उरली आहेत, आणि थोड्याच वेळात २४ बिगूल एकदम वाजतात. (त्यांच्या हिशोबाने शतक १९०० च्या अखेरीस संपते, ‘नवे शतक’ असे भाषांतर करताना तळटीप हवी.) मानवाचे दुःख हलके करण्यासाठी काहीतरी करता यावे ही वीस वर्षांची प्रार्थना फळली, असे ते लिहितात. एवढा हिशोब तपासून झाल्यावर हे वाक्य अंगावर येते, कारण त्यामागच्या तारखा खऱ्या आहेत हे आपण पाहिलेले असते.

शोध घेताना जुनी नावे वापरली नाहीत तर निम्मी पत्रे हाती लागत नाहीत. आजचा एडिस इजिप्ती १९०० मध्ये क्युलेक्स फॅसिएटस होता, मग स्टेगोमिया फॅसिएटा, पुढे स्टेगोमिया कॅलोपस. रोग कधी ‘यलो जॅक’, कधी नुसता ‘वायएफ’, स्पॅनिश कागदांत ‘व्होमितो नेग्रो’, म्हणजे काळी ओकारी. ‘फोमाइट्स’ हा शब्द दूषित कपडेलत्त्यांसाठी. ‘बॅसिलस इक्टेरॉइड्स’ आले तर तो इटालियन संशोधक सानारेल्ली यांचा १८९७ चा जंतू, जो आयोगाने नाकारला. ठिकाणांत कोलंबिया बराक, कॅम्प कोलंबिया, केमादोस आणि मारियानाव ही सगळी एकाच परिसराची नावे आहेत.

हक्कांबद्दल: रीड, लॅझीर, कॅरोल यांच्या पत्रांचा प्रश्न नाही, सगळे १९०७ पर्यंत वारले. हेंच यांची स्वतःची अप्रकाशित पत्रे अमेरिकी कायद्याने, लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे या हिशोबाने, २०३५ संपेपर्यंत संरक्षित धरा. लांब उतारा द्यायचा असेल तर ग्रंथालयाला विचारा.

लेखात महाराष्ट्राचा धागा आणायचा असेल तर तो क्यूबात ओढूनताणून शोधू नका. खरा धागा पुढच्या पिढीच्या पत्रांत आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या स्लीपी हॉलोमधल्या रॉकफेलर अर्काइव्ह सेंटरमध्ये. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स आणि सहकाऱ्यांनी असिबी नावाच्या रुग्णाचे रक्त भारतातून नेलेल्या लाल तोंडाच्या माकडाला टोचले, आणि पीतज्वराला प्रयोगशाळेत पहिला खात्रीचा प्राणी मिळाला. स्टोक्स त्याच वर्षी त्याच रोगाने गेले. त्या असिबी विषाणूपासून मॅक्स थायलर यांनी १७डी लस घडवली. आफ्रिकेतल्या अनेक देशांत जाणाऱ्या प्रवाशाला आजही तिचाच दाखला लागतो. पुण्यातले विषाणू संशोधन केंद्र १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून सुरू केले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने पडू लागली, तेव्हा या मंडळींची पहिली धास्ती पीतज्वराचीच होती. शेवटी तो गोचिडीतून पसरणारा वेगळाच विषाणू निघाला, क्यासनूरचा. या प्रकरणाच्या कागदांवरही तारखांचे तेच तीन रकाने काढा: निदान पक्के होण्याआधी लिहिलेले आणि नंतर लिहिलेले वेगळे करा.